बोटीतून उतरलात, आता घरी कसं याल?

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, तरी आपल्याकडची माणसं बोटीत बसतात आणि अलीकडे बरीच बसतात. शाळेच्या सहली, महिला मंडळं, दिवाळीच्या सुट्टीत एकत्र निघालेली दोन-तीन कुटुंबं केवडियाला, म्हणजे आताच्या एकतानगरला जातात. सरदार पटेलांचा पुतळा पाहून झाला की नर्मदेतल्या एकता क्रूझची फेरी ठरलेली असते. पालिताणा, सोमनाथ करून परतणारे घोघ्याला रो-रो जहाजात बसतात आणि सुरतेजवळ हजीऱ्याला उतरतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठाची गोष्ट वेगळी. तिथं सरदार सरोवराच्या फुगवट्यानं गावांच्या वाटाच पाण्याखाली नेल्या, त्यामुळे बोट हेच अनेकांचं रोजचं वाहन झालं आहे.

या तिन्ही प्रवासांत एक अडचण सारखी आहे. बोटीतून पाय जमिनीवर पडतो तो बहुतेक वेळा गुजरातच्या, कधी मध्य प्रदेशच्या हद्दीत, आणि घर असतं महाराष्ट्रात. बोटीचं तिकीट आठ-आठ दिवस आधी काढलेलं असतं, जेवण कुठं करायचं तेही ठरलेलं असतं. परतीच्या गाडीचं मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’ असं असतं. ही रीत बदलली पाहिजे. आधी परतीची गाडी ठरवा, तिची वेळ पक्की करा आणि त्या वेळेत बसेल अशीच बोटीची फेरी निवडा. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा क्रम मोडूच नका.

एकतानगरहून निघताना

सगळ्यात जास्त गर्दीची वाट हीच, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचं लोकार्पण ३१ ऑक्टोबर २०१८ ला झालं आणि तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातून तिकडं रांग लागली. क्रूझ श्रेष्ठ भारत भवनाजवळच्या धक्क्यावरून सुटते, पुतळ्याच्या बाजूला जाते आणि साधारण चाळीस मिनिटांत परत आणून सोडते. सोमवारी पुतळ्याचा परिसर बंद असतो. रविवारला जोडून सोमवारची रजा काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण सोमवारी तिथं पोचलेली कुटुंबं फाटकावरून परत फिरतात.

खरा प्रश्न संध्याकाळचा आहे. बरेचजण उन्हं उतरल्यावरची क्रूझची फेरी घेतात, कारण तेव्हा पाण्यावर छान वाटतं. मग अंधार पडल्यावर लेझर शो, त्याच सुमारास गोरा घाटावर नर्मदेची आरती. दोन्ही पाहावं असंच आहे. पण तेवढं थांबलं की निघायला आठ वाजून जातात. वाहनतळ लांब, तिथपर्यंतच्या बसला रांग, पोरं पेंगुळलेली, कुणाला भूक लागलेली, कुणाची चप्पल बसमध्ये राहिलेली. राजपिपळा मागं टाकून देडियापाड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. पुढं शूलपाणेश्वर अभयारण्याच्या बाजूचा डोंगराळ, वळणावळणाचा रस्ता. रात्री त्या पट्ट्यात टायर पंक्चर झालं तर मदतीला माणूस सापडायला वेळ लागतो, आणि गाडी चालवणारा सकाळी पाचला उठून निघालेला असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की शो पाहायचा असेल तर मुक्काम करा. एकतानगरला नाही जमलं तर राजपिपळ्याला करा. मुक्काम करायचा नसेल तर क्रूझची सकाळची किंवा भर दुपारची फेरी घ्या आणि तीनच्या आत एकतानगर सोडा. दिवेलागणीला अक्कलकुव्यात याल, पुढचा रस्ता ओळखीचा.

रस्ता असा आहे: एकतानगर, राजपिपळा, देडियापाडा, सागबारा, मग धनशेऱ्याची गुजरात पोलिसांची चौकी आणि सीमा ओलांडली की खापर, अक्कलकुवा, तळोदा. देडियापाड्यापासून पुढचा भाग जुन्या लोकांच्या तोंडी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता म्हणून आहे. आता तो ७५३ बी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. नंदुरबार शहरापर्यंत थांबे धरून चार-साडेचार तास हिशेबात ठेवा. पावसाळ्यात तासभर वाढवा.

या रस्त्याला काही दिवस असे असतात की त्या दिवशी घड्याळाचा उपयोग नाही. महाशिवरात्रीला सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला याहामोगी मातेची यात्रा भरते. आपल्या अक्कलकुवा, तळोदा, नवापूर भागातून हजारो माणसं टोपल्या घेऊन पायी आणि गाड्यांनी तिकडं जातात. चैत्रात तिलकवाडा-रामपुरा भागात उत्तरवाहिनी परिक्रमा असते आणि महाराष्ट्रातल्या गाड्यांनी राजपिपळ्याचा परिसर भरून जातो. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार. या दिवसांत क्रूझची सहल नकोच. गेलातच तर परतीची गाडी स्वतःची असू द्या, कारण भाड्याच्या जीपा आणि क्रूझर गाड्या यात्रेच्या फेऱ्यांत गुंतलेल्या असतात आणि बसमध्ये उभं राहायला जागा नसते.

बस: देडियापाडा हा सांधा

एकतानगरच्या धक्क्यावरून थेट नंदुरबारची बस मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. तिथून राजपिपळ्याला वाहनं भरपूर. राजपिपळ्याहून देडियापाडा. देडियापाड्याला आलात की तुम्ही महामार्गावर आलात. अंकलेश्वर, भरूचकडून अक्कलकुवा, तळोदा, शहाद्याकडे येणाऱ्या गाड्या याच रस्त्यानं येतात. गुजरात एस.टी.च्या बसची पाटी गुजराती लिपीत असते. वाचता आली नाही तर दारातल्या कंडक्टरला गावाचं नाव सांगून विचारा. देडियापाडा, सागबाऱ्याकडची बरीच माणसं आपल्याकडच्यासारखीच वसावी बोलतात, नातीगोती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे भाषेचा अडसर या पट्ट्यात जवळजवळ नाहीच.

बसच्या बाबतीत एक गोष्ट घरातल्या बायकांना आणि आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवावी. आपल्या एस.टी.त महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. पण या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत. लाल बस आपल्याच महामंडळाची असली तरी गुजरातेतल्या टप्प्याचं भाडं पूर्ण द्यावं लागतं, सवलत हद्द ओलांडल्यावर सुरू होते. गुजरात एस.टी.च्या गाडीत आपल्या सवलतीचा प्रश्नच येत नाही. याच मुद्द्यावरून बसमध्ये वाद होतात, कंडक्टर नियम सांगतो आणि आजोबा आधारकार्ड पुढं करत राहतात. वयाचा पुरावा जवळ असू द्या, पण गुजरातच्या टप्प्याचे पैसेही सुटे करून ठेवा.

पैसे वाचवायचे असतील आणि माणसं धडधाकट असतील तर आणखी एक मार्ग आहे. सागबाऱ्यापर्यंत गुजरातच्या बसनं या, तिथून मिळेल त्या वाहनानं खापर किंवा अक्कलकुवा गाठा आणि अक्कलकुवा आगारातून आपली एस.टी. धरा. नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा ही जिल्ह्यातली चार आगारं. त्यांपैकी सीमेला टेकलेलं आणि या वाटेवर हमखास उपयोगी पडणारं अक्कलकुव्याचं. मात्र संध्याकाळी तिथून शेवटची गाडी किती वाजता सुटते हे सकाळी निघण्यापूर्वीच आगारात विचारून घ्या, परत येताना नको.

भाड्याची गाडी: पाच प्रश्न विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका

आठ-दहा माणसं असली की बसपेक्षा भाड्याची क्रूझर बरी पडते, आणि माझ्या मते या प्रवासाला तीच सगळ्यात सोयीची. पण गाडी कुठून करायची, इथून की तिथून? इथूनच करा. एकतानगर किंवा राजपिपळ्याहून एकमार्गी गाडी केली तर चालक नंदुरबारला तुम्हाला सोडून रिकामा परत जाणार, म्हणून तो जाण्या-येण्याचे किलोमीटर लावतो. तेवढ्याच पैशांत, कधी कमी पैशांत, इथली गाडी दिवसभर तुमच्यासोबत राहते. शिवाय चालकाला रस्ता, खड्डे आणि चहाची ठिकाणं माहीत असतात.

गाडीवाल्याला पहिला प्रश्न परवान्याचा. दुसऱ्या राज्यात भाड्यानं माणसं न्यायची तर गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना लागतो. त्याचे नवे नियम १ मे २०२३ पासून लागू आहेत. तो नसेल तर त्या फेरीपुरता तात्पुरता परवाना काढून दुसऱ्या राज्याचा कर भरावा लागतो, आणि तो ऑनलाइन भरता येतो. ‘चौकीवर बघून घेतो’ म्हणणारा चालक नको. चौकीवर अडवलं की खोळंबा तुमचा होतो आणि शेवटी ते पैसेही तुमच्याकडूनच मागितले जातात.

दुसरा प्रश्न पाटीचा. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी पिवळी आणि अक्षरं काळी. गाडी विजेवर चालणारी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्यानं देणारे प्रत्येक गावात आहेत, ओळखीचे आहेत, आणि स्वस्तही पडतात. तरीही नको. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, की घरगुती गाडीत भाड्याचे प्रवासी का होते? मग दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाई यांची लढाई वर्षानुवर्षं चालते, आणि अपघात परराज्यात झाला असेल तर जबाब आणि पंचनाम्यासाठी खेपा तिकडच्या ठाण्यात. गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाकला की विमा, फिटनेस यांच्या मुदती दिसतात. दोन मिनिटांचं काम आहे, बयाणा देण्याआधी करा.

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि इथं बहुतेकांचे वाद होतात. किलोमीटरचा दर एवढाच आकडा विचारून थांबू नका. दिवसाचे किमान किलोमीटर किती धरणार, चालकाचा भत्ता किती, टोल आणि पार्किंग कोणाकडं, परराज्याचा कर दरात धरला आहे की वेगळा, मुक्काम झाला तर रात्रीचे किती, हे सगळं विचारा आणि ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी ठरलेलं भाडं सीमा ओलांडेपर्यंत टिकतं, पुढं प्रत्येकाची आठवण वेगळी होते.

चौथा, चालक आदल्या रात्री कुठं होता? हे विचारायला लोक संकोचतात. लग्नसराईत एकच चालक रात्री वऱ्हाड सोडून पहाटे तुमच्या दारात उभा राहतो. देडियापाड्याच्या वळणांवर त्याचा डोळा लागला तर काय, याचा विचार करा आणि बिनदिक्कत विचारा.

पाचवा प्रश्न गाडीत काय आहे याचा. गुजरातेत राज्य स्थापन झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या सीमेवर तपासतात आणि सीटखाली एक बाटली निघाली तरी सगळ्या गाडीचा दिवस ठाण्यात जातो. ती चालकाची की प्रवाशाची, हा वाद पोलिसांसमोर घालण्यात अर्थ नसतो. निघण्यापूर्वी डिकी आणि सीटखालचे कप्पे उघडून पाहा, चालकाला वाईट वाटलं तरी चालेल.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांना यातलं बरंच लागू नाही. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये ठेवा, फास्टॅगमध्ये पैसे असू द्या, आणि येताना सागबाऱ्याच्या अलीकडं टाकी भरून घ्या. गुजरातेत पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त आहे हे नवापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण शहाद्याच्या माणसाला लागतं.

रेल्वे कुणी घ्यावी

एकतानगरला १७ जानेवारी २०२१ पासून रेल्वे स्थानक आहे. नकाशात पाहिलं की वाटतं, रेल्वेनं जावं, आरामात यावं. पण रूळ नदी ओलांडून आपल्याकडं येत नाहीत. गाडी आधी उत्तरेला बडोद्याला जाते, तिथून दक्षिणेला सुरतेला येते आणि मग ताप्तीच्या मार्गानं बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत नंदुरबारला. त्रिकोणाच्या दोन लांब बाजू फिरून यायचं. वेळ मोजला तर रस्त्यानं येणारा घरी पोचून जेवून झोपलेला असतो, तेव्हा रेल्वेचा प्रवासी सुरतेच्या अलीकडं असतो.

तरी काहीजणांनी रेल्वेच घ्यावी. पाठीचं दुखणं असलेले, घाटात उलट्या होणारे, गुडघे धरून बसणारे ज्येष्ठ यांनी एकतानगरहून संध्याकाळी बडोदा गाठावं आणि तिथून रात्रीची गाडी धरावी. नवजीवन एक्सप्रेस आणि अहमदाबाद-हावडा एक्सप्रेस या बडोदा-सुरत-नंदुरबार अशाच येतात. आरक्षण मिळालं तर झोपून येता येतं. मात्र पहाटे अवेळी नंदुरबारला उतरावं लागतं, तेव्हा स्थानकावर घ्यायला कोण येणार हे ठरवून ठेवा. आणि उतरण्याचा गजर लावा, नाहीतर डोळे अमळनेरला उघडतात.

नवापूरकरांचं गणित निराळं आहे. त्यांच्या घराजवळच रेल्वे आहे आणि त्यांचं स्थानक तर दोन राज्यांत विभागलेलं: तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरचं एक बाकडं असं आहे, की एका टोकाला बसलेला माणूस नंदुरबार जिल्ह्यात आणि दुसऱ्या टोकाचा तापी जिल्ह्यात. नवापूरच्या माणसानं अक्कलकुव्याला वळसा घालून यायची गरज नाही. एकतानगरहून सुरत आणि सुरतेहून सोनगडच्या वाटेनं, रेल्वेनं किंवा बसनं, त्याला सरळ पडतं.

हजीऱ्याला उतरणाऱ्यांसाठी

घोघा-हजीरा रो-पॅक्स सेवा ८ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाली. भावनगर भागातून सुरतेला यायचं तर खंभातच्या आखाताला वळसा घालून सुमारे ३७० किलोमीटर रस्ता कापावा लागतो; जहाज तोच पल्ला समुद्रातून साधारण चार तासांत पार करतं. गाडीही सोबत चढवता येते. आपल्याकडच्या कुटुंबांना हे वरदान आहे, पण हजीऱ्याचा धक्का सुरत स्थानकापासून बराच लांब, कारखान्यांच्या पट्ट्यात आहे, हे लोक विसरतात.

समुद्र खवळला, भरती-ओहोटीचं गणित बदललं की जहाजाची वेळ पुढं जाते. म्हणून उतरण्याच्या छापील वेळेला धरून लगेचच्या रेल्वेचं आरक्षण करू नका. मध्ये किमान तीन तास मोकळे ठेवा. तिकिटावर गाडी सुरतेहून सुटते की उधन्याहून, तेही नीट वाचा. ताप्ती मार्गाच्या बऱ्याच गाड्या उधन्याहून सुटतात आणि सुरतेच्या फलाटावर वाट पाहणाऱ्याची गाडी निघून गेलेली असते. स्वतःची गाडी जहाजात आणली असेल तर मात्र प्रश्न सुटला. सुरतेबाहेरून ५३ क्रमांकाच्या महामार्गाला लागा. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी आणि तिथून डावीकडं नंदुरबार. हा रस्ता रात्रीही वाहता असतो. ट्रक मात्र अतोनात, तेव्हा थकलेल्या चालकानं सोनगडच्या आधी एकदा थांबावं.

नर्मदेच्या फुगवट्यात

आता जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडं. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, भूषा, भरड या काठावरच्या गावांना बोटीचा प्रवास समजावून सांगण्याची गरज नाही. ती माणसं बोटीनं बाजार करतात, आजारी माणसाला बोटीनं नेतात. आरोग्य विभागाचा तरंगता दवाखानाही याच पाण्यावर फिरतो. इथं लिहितो आहे ते शहरातून हौसेनं जाणाऱ्यांसाठी. धडगाववरून भूषाला जायचं, बोटीत बसायचं, पलीकडं गुजरातेत हाफेश्वरला किंवा मध्य प्रदेशात ककराण्याला जाऊन यायचं, असे बेत हल्ली ठरतात. मध्य प्रदेशातल्या कुक्षीजवळच्या मेघनाद घाटापासून पुतळ्यापर्यंत क्रूझ चालवण्याची योजनाही जाहीर झालेली आहे, म्हणजे ही ये-जा वाढणारच.

पलीकडं उतरलात आणि परतीची बोट चुकली, तर काय होतं ते समजून घ्या. समोर तुमचा जिल्हा दिसतो, तुमची गाडी भूषाच्या उतारावर उभी असते, आणि रस्त्यानं तिथं पोचायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. हाफेश्वरहून कवांट, नसवाडी, राजपिपळा, देडियापाडा, सागबारा, अक्कलकुवा, मोलगी असा फेरा. ककराण्याहून अलिराजपूर, कुक्षी, बडवानी, निवाली, पानसेमल, खेतिया, मग शहादा आणि धडगाव. पलीकडच्या काठावर संध्याकाळी भाड्याची गाडी मिळण्याची शक्यता फार थोडी. म्हणून इथं नियम कडक ठेवा: ज्या बोटीनं गेलात त्याच बोटीनं परत या, नावाड्याशी परतीची वेळ ठरवून अर्धे पैसे परतल्यावर द्या, आणि ऊन असेपर्यंत अलीकडच्या काठाला लागा. ज्यांना पलीकडूनच पुढं जायचं आहे, बडोद्याला किंवा अलिराजपूरला, त्यांनी कवांट किंवा अलिराजपूरहून गाडी आधी बोलावून ठेवावी, आणि ती काठाकडं निघाल्याचा फोन आल्यावरच बोटीकडं निघावं. काठावर मोबाइलला रेंज नसते. फोन निघण्याच्या गावातूनच करावा लागतो.

बोट भरलेली असेल तर चढू नका. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेच्या पूजेला निघालेल्या भाविकांची बोट भूषाजवळ उलटली आणि लहान मुलांसह माणसं बुडाली. बोटीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसं भरली होती. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळतंय का ते पाहा, आणि मुलांच्या मापाचं नसेल तर मुलांना काठावर ठेवा.

काठावरून वर घाटात येतानाही हाच काटेकोरपणा हवा. बोटीतून उतरलेल्या वीस-पंचवीस माणसांना नेण्यासाठी पिकअप उभी असते, मागं उभं राहायचं, माणशी थोडे पैसे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि भाविकांचे जीव गेले. मालवाहू गाडीत माणसं नेणं बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण उशीर झाला की सगळेच चढतात. उशीर होऊ न देणं हाच त्यावरचा उपाय, म्हणून बोट दुपारची घ्या. पावसाळ्यात चांदसैलीच्या घाटात दरडी कोसळतात. सप्टेंबर २०२१ मध्ये रस्ता असाच बंद पडला होता आणि एका आजारी बाईनं दवाखान्यात पोचण्याआधी, नवऱ्याच्या खांद्यावरच प्राण सोडला. पावसाळ्यात पर्यटनासाठी तिकडं जाऊच नये असं माझं मत आहे. जावंच लागलं तर तळोद्याहून किंवा धडगावहून निघताना घाट सुरू आहे का हे विचारा, आणि बंद असेल तर मोलगी-अक्कलकुव्याच्या देवगोई घाटानं या.

शेवटी एक काम, जे कुठल्याही वाहनाला लागू आहे. सीमेच्या आसपास तुमचा मोबाइल गुजरातच्या टॉवरला लागतो, आणि १०८ ला केलेला फोन तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो. तेव्हा फोनवर पहिलं वाक्य आपण कुठल्या राज्यात, कुठल्या गावाजवळ आहोत हे असू द्या. ११२ हा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. बोटीत बसण्याआधी परतीच्या गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि फोन, आणि कुठल्या रस्त्यानं येणार हे घरी एका माणसाला पाठवून ठेवा, आणि त्याला सांगा की अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू कर.